सगळ्यात वाईट दिवशीही जमेल एवढीच सवय

पाऊलवाट

नवी सवय लावायची म्हटलं की आपण तिचं माप उत्साहाच्या दिवशी घेतो. निवांत बसून ठरवतो: रोज पाऊण तास चालणार, रोज वीस पानं वाचणार, झोपण्यापूर्वी रोजनिशी लिहिणार. ठरवताना हे मुळीच जास्त वाटत नाही. करायची वेळ मात्र येते ती कामावरून उशिरा परतल्यावर, डोकं ठणकत असताना, घरात कुणी आजारी असताना. ठरवणारा वेगळा आणि करणारा वेगळा, अशी गत होते. म्हणून माझं ठाम मत झालंय की सवयीचं माप सगळ्यात वाईट दिवसावरून घ्यावं. काहीच करू नये असं वाटतं त्या दिवशीही जेवढं करायला हरकत वाटणार नाही, तेवढीच सवय. एक पान. एक ओळ. बूट घालून दाराबाहेर दोन पावलं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले बी. जे. फॉग यांनी याची मांडणी फार सोपी करून ठेवली आहे. कोणतीही कृती घडायला तीन गोष्टी एकाच क्षणी जुळून याव्या लागतात: इच्छा, ती कृती करता येण्याची सोय आणि तिची आठवण करून देणारं काहीतरी. यातली इच्छा सर्वांत बेभरवशाची. ती सकाळी असते आणि संध्याकाळी नसते. आपण मात्र सगळा जोर तिच्यावरच लावतो. प्रेरणा देणारी भाषणं ऐकतो, स्वतःला बोल लावतो. फॉग म्हणतात, इच्छेच्या मागे लागू नका, कृतीच इतकी सोपी करा की थोडीशी इच्छाही पुरेल. त्यांचं गाजलेलं उदाहरण दातांच्या फटी दोऱ्याने साफ करण्याचं आहे. सगळे दात साफ करायचे नाहीत, एकच करायचा. ऐकायला विचित्र वाटतं खरं, पण दोरा हातात घेणं हाच त्यातला अवघड भाग असतो, तो यात पार पडतो.

राहिली आठवण. मोबाइलचा गजर मला या कामासाठी निरुपयोगी वाटतो. तो वाजतो तेव्हा आपण भलत्याच कामात असतो, तो बंद करतो, आणि हळूहळू गजर बंद करण्याचीच सवय लागते. त्यापेक्षा दिवसात जे आपोआप घडतंच, त्याच्या खुंट्याला नवी कृती बांधावी. ब्रश जागेवर ठेवला की पाठीला एक ताण. रात्री दाराची कडी लावली की रोजनिशीत एक ओळ. ‘रोज सकाळी’ हा खुंटा होत नाही, कारण सकाळ फार लांबलचक असते. ‘ब्रश ठेवला की’ हा होतो, कारण तो क्षण चुकवताच येत नाही.

माझं वाचन, पाठीचे व्यायाम आणि रोजनिशी गेली काही वर्षं याच पद्धतीने चालू आहे. तुम्ही कुठली सवय, किती लहान करून, कशाला बांधून टिकवलीत? जिथे अडत असेल तेही लिहा, खुंटा नेमका कुठे सैल आहे ते मिळून बघू.

अर्धविराम

कळकळीने लिहिलंय, पण मला हे पटायला जड जातंय. दोन जोर काढून स्नायू बळकट होत नाहीत. रोज एक पान वाचलं तर वर्षाकाठी एक-दीड पुस्तक होईल. शरीराला भार लागतो, भाषा शिकायला तास द्यावे लागतात. छोट्या गोष्टीने समाधान होतं आणि माणूस तिथेच थांबतो, ही भीती मला जास्त वाटते. शिवाय २१ दिवसांत सवय लागते म्हणतात. मग तेवढे दिवस कंबर कसून मोठीच गोष्ट का करू नये?

पाऊलवाट

अर्धविराम, आधी त्या २१ दिवसांचं बघू, कारण या आकड्याने फार लोकांना नाउमेद केलंय. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० साली आपल्या पुस्तकात नोंदवलं. पुढे तोंडोतोंडी ‘कमीत कमी’ गळून पडलं, चेहराही गळून पडला आणि राहिले नुसते २१ दिवस. व्यायाम किंवा वाचनाशी त्या निरीक्षणाचा संबंध नव्हता.

प्रत्यक्ष मोजमाप केलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २०१० साली ते प्रसिद्ध झालं. ९६ जणांनी खाण्या-पिण्याची किंवा व्यायामाची एकेक कृती निवडली, दिवसातल्या एका ठरावीक प्रसंगाला जोडली आणि ती किती आपसूक होते हे १२ आठवडे नोंदवलं. आपसूकपणा जवळजवळ पूर्ण व्हायला लागलेल्या काळाचा मध्यक आला ६६ दिवस. पण माणसामाणसांतला फरक बघा: १८ ते २५४ दिवस! (अभ्यास ८४ दिवसांचाच होता, त्यामुळे वरचा आकडा आलेखाच्या कलावरून काढलेला आहे.) सोप्या कृती लवकर बसल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. तेव्हा कंबर कसून २१ दिवस काढलेत, तरी बहुतेकांच्या बाबतीत ती कृती तोवर आपसूक झालेली नसते आणि कसलेली कंबर मात्र दुखायला लागलेली असते. कृती लहान असेल तर दोन-तीन महिने ती ओढायला जोरच लागत नाही.

आता तुमचा मोठा मुद्दा. एक पान वाचून विद्वान होता येत नाही, हे मान्यच. पण सवय एका पानाची लागत नसते, पुस्तक उघडण्याची लागते. ॲलिसन फिलिप्स आणि बेंजामिन गार्डनर यांनी २०१६ साली व्यायामाबद्दल हाच भेद तपासला: व्यायामाला सुरुवात करणं आपसूक होणं वेगळं आणि व्यायामातल्या हालचाली आपसूक होणं वेगळं. माणूस किती वेळा व्यायाम करतो हे पहिल्यावर अवलंबून दिसलं. पुस्तक उघडल्यावर बहुतेक दिवशी मी एका पानावर थांबत नाही. पण एका पानावर थांबले तरी त्या दिवसाचं काम पुरं झालं असंच धरते, आणि ते मनापासून धरते. ‘एक पान म्हणायचं पण खरं तर वीस वाचायची’ असा आतून करार केला की आपलं मन ते लगेच ओळखतं आणि पुस्तक टाळायला लागतं.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे. या विषयावर रोजच बोलावं लागतं म्हणून सविस्तर लिहिते.

अर्धविराम यांचं भाराबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. ताकद वाढवायची तर भार टप्प्याटप्प्याने वाढवावाच लागतो, त्याला पर्याय नाही. पण जो व्यायाम होतच नाही त्याचा भार वाढवणार कसा? घरी करायच्या व्यायामांचा चित्रांसकट कागद दिला, त्यावर आठ प्रकार असले, की तो कागद फायलीत जातो. मी पहिल्या भेटीत एकच प्रकार देते आणि सोबत एक प्रश्न विचारते: हा घरात नेमका कुठे उभं राहून कराल? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. मग आम्ही दोघं मिळून जागा ठरवतो. पोटऱ्यांसाठी टाचा उचलायच्या असतील तर वॉशबेसिनपाशी, आधाराला कठडा आहे, आरसा समोर आहे, आणि तिथे दिवसातून दोनदा जाणं होतंच. पुढच्या भेटीत मी विचारण्याआधी पेशंटने आपणहून सांगितलं की समजायचं, आता दुसरा प्रकार द्यायला हरकत नाही.

एक मात्र कळकळीने सांगते. उत्साह आला म्हणून एकदम वाढवू नका. स्नायू त्यामानाने लवकर जुळवून घेतात, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना जास्त वेळ लागतो आणि उत्साहाला दोघांचंही भान नसतं. दुसऱ्या दिवशी अंग धरलं की ती जागा, ती चटई बघूनही नको वाटतं. मग शरीराबरोबर सवयीचंही नुकसान होतं. आणि आधीपासून काही दुखत असेल तर वाचून व्यायाम सुरू न करता दाखवून घ्या.

मितभाषी

टाचा आणि वॉशबेसिन, आजपासून सुरू. आभार सांधेजोड ताई.

रात्रपाळी

माझी अडचण वेगळी आहे. पाळ्या दर आठवड्याला बदलतात. कधी पहाटे निघतो, कधी पहाटे परत येतो. झोपेची वेळ ठरलेली नाही, जेवणाची नाही. ‘रोज अमुक वाजता’ असं सांगणाऱ्या प्रत्येक सल्ल्यात मी पहिल्याच आठवड्यात बाद होतो. मला मानेचे आणि खांद्यांचे साधे व्यायाम करायचे आहेत, पाच मिनिटांचे. माझ्यासारख्याने काय करावं?

निळीशाई

रात्रपाळी दादा, तुमच्यासाठी घड्याळ सोडून द्यावं आणि घटना धरावी. पाळी कुठलीही असो, घरी परतल्यावर काहीतरी एक ठरलेलं घडतच असणार.

यामागे चांगला अभ्यास आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी ‘जेव्हा अमुक होईल तेव्हा मी तमुक करेन’ अशा वाक्यात बांधलेल्या निश्चयाचा अनेक वर्षं अभ्यास केला. २००६ साली त्यांनी आणि पास्काल शीरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा नुसत्या निश्चयापेक्षा असं वाक्य ठरवणाऱ्यांच्या हातून गोष्टी पुऱ्या होण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त निघालं.

मला त्याहून बोलका वाटतो तो २००२ सालचा ब्रिटनमधला एक प्रयोग. सारा मिल्न, शीना ऑरबेल आणि शीरन यांनी २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट केले. येत्या आठवड्यात एकदा तरी २० मिनिटं चांगला व्यायाम करायचा, एवढीच अपेक्षा. पहिल्या गटाला काही सांगितलं नाही, त्यातल्या ३८ टक्क्यांनी केला. दुसऱ्या गटाला व्यायाम केल्याने हृदयविकाराचा धोका कसा कमी होतो ते वाचायला दिलं. त्यांची इच्छा वाढली, पण व्यायाम केला ३५ टक्क्यांनी. तिसऱ्या गटाला तेच वाचायला दिलं आणि शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार ते लिहायला लावलं. त्यातल्या ९१ टक्क्यांनी केला. हा एकाच आठवड्याचा प्रयोग आहे आणि केलं की नाही हे विद्यार्थ्यांनीच सांगितलेलं आहे, म्हणून याला सवय लागणं म्हणता येणार नाही. तरी दुसरा गट विसरण्यासारखा नाही. महत्त्व पटूनही पाऊल उचललं गेलं नाही.

तुम्ही कामावरून आल्यावर न चुकता पहिली गोष्ट काय करता?

रियाजी

मी वाद्य शिकते आणि शिकवतेही. इथे मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे.

सवय लागली की कृती आपसूक होते, हे सगळे चांगलं म्हणून सांगत आहेत. रियाजात आपसूकपणा हा धोकासुद्धा असतो. बोटं सवयीने चालतात, मन भलतीकडे असतं, आणि झालेली चूक रोज थोडी थोडी पक्की होत जाते. अशी पक्की झालेली चूक काढायला नवी गोष्ट शिकण्यापेक्षा जास्त कष्ट पडतात, हे मी विद्यार्थ्यांच्या हातात रोज बघते. तेव्हा वाद्य हातात घेईपर्यंत सगळं सवयीवर सोडावं, त्यानंतर काहीही सवयीवर सोडू नये, असं माझं मत आहे.

हातात घेण्यासाठी मात्र छोट्या बदलांचा फार उपयोग होतो. वाद्य पेटीत, पेटी कपाटात, कपाट बंद असेल तर नवशिका आठवडाभर त्याला हात लावत नाही. तेच वाद्य खोलीत नजरेसमोर, सुरात लावून ठेवलेलं असेल तर येता-जाता उचललं जातं. मी पालकांना पहिल्या महिन्यात एवढंच सांगते: मुलाला वाजव म्हणू नका, वाद्य बाहेर ठेवा.

पाऊलवाट

रियाजी, हा भेद फार महत्त्वाचा आहे, मूळ लेखात यायला हवा होता.

मेंदूच्या बाजूनेही तो जुळतो. एमआयटीमधल्या ॲन ग्रेबिएल यांनी उंदरांना इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या वाटेवरून पळायला शिकवलं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या स्ट्रायाटम या भागातल्या पेशींची हालचाल नोंदवली. शिकताना त्या पूर्ण वाटेवर सक्रिय होत्या. वाट अंगवळणी पडल्यावर हालचाल सुरुवातीला आणि शेवटी एकवटली, मधली वाट जवळजवळ शांत झाली. सवयीने अख्खी कृती एका गाठोड्यात बांधली जाते. म्हणून सुरुवातीचा खुंटा पक्का हवा, आणि म्हणूनच ज्या कामात मधल्या वाटेवर लक्ष लागतं तिथे गाठोडं सोडून ठेवावं लागतं.

मुक्कामपोस्ट

सवय लावण्याचं कळलं. सोडण्याचं काय? झोपायच्या आधी फोन हातात घेते ती तासभर सरकवतच राहते. ठरवून काही उपयोग होत नाही.

निळीशाई

मुक्कामपोस्ट, तेच तीन घटक उलटे फिरवायचे. इच्छेशी भांडत बसू नका, कृती अवघड करा आणि आठवण करून देणारं नजरेआड करा. फोनचं चार्जर दुसऱ्या खोलीत कायमचं लावून टाका. उठायला गजर हवा म्हणून फोन उशाशी असेल तर साधं गजराचं घड्याळ घ्या. ज्या ॲपमध्ये वेळ जातो त्यातून दर वेळी बाहेर पडा, म्हणजे पुन्हा शिरताना पासवर्ड टाकावा लागेल. हे अडथळे किरकोळ दिसतात, पण सवय चालते ती विचार न करता, आणि पासवर्ड टाकताना विचार करावा लागतो.

वेंडी वूड यांनी या विषयाला आयुष्य दिलंय. २००२ सालच्या त्यांच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी दर तासाला आपण काय करतोय आणि मनात काय आहे ते लिहिलं. नोंदवलेल्या कृतींपैकी साधारण ४३ टक्के जवळजवळ रोज, त्याच परिस्थितीत आणि बरेचदा मन दुसरीकडे असताना घडत होत्या. २००५ साली त्यांनी एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेले विद्यार्थी पाहिले. नव्या जागी परिस्थिती जुन्यासारखीच असली तर व्यायामाच्या, वर्तमानपत्र वाचण्याच्या, टीव्ही बघण्याच्या सवयी सोबत आल्या. परिस्थिती बदलली तिथे त्या तुटल्या आणि माणूस पुन्हा आपल्या इराद्याप्रमाणे वागू लागला. म्हणजे सवयीचा मोठा भाग जागेत असतो. अंथरुणात फोन घेण्याची सवय अंथरुणाशी बांधलेली आहे. तुम्हाला फोन हवाच असेल तर खुर्चीत बसून बघा, अंथरुणात नको, इथून सुरुवात करा.

एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे धीर सुटणार नाही. जुनी सवय पुसली जात नाही, तिच्यावर नवं शिकणं येऊन बसतं. व्हरमाँट विद्यापीठातले मार्क बाउटन यांचं काम याच विषयावर आहे: जुनी परिस्थिती परत आली की जुनी प्रतिक्रियाही डोकं वर काढते. कुठे बाहेरगावी मुक्काम झाला, चार्जर उशाशी आलं आणि फोन परत हातात आला, तर तुमचं काही बिघडलेलं नाही. घरी आलात की चार्जर पुन्हा दुसऱ्या खोलीत.

अंगाई

घरात तान्हं बाळ असलेल्या कुणी यावर लिहिलंय का बघत होते. माझे खुंटेच हलतात! बाळ दुपारी झोपलं की दहा मिनिटं लिहायचं असं बसवलं, ते छान चालू होतं, आणि मग त्याची झोपच बदलली. दर काही आठवड्यांनी पहिल्यापासून सुरुवात. कृती लहान करून झाली, आणखी किती लहान करणार?

पाऊलवाट

अंगाई, इथे कृती आणखी लहान करायची गरज नाही, खुंटा बदलायला हवा. बाळाची झोप बाळाच्या हातात आहे. तुमच्या स्वतःच्या शरीराला चिकटलेलं काहीतरी शोधा: दात घासणं, केस विंचरणं, रात्री दिवा मालवणं. आणि वही-पेन तिथेच, त्याच जागी. दहा मिनिटं सध्या मिळणारच नसतील तर एक वाक्य. तुमचं वाक्य उद्याच्या वाक्याला जागा धरून ठेवतं, या काळात त्याच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवा. या महिन्यांत तुम्ही काय लिहिलंत यापेक्षा वही उघडी राहिली याला मी जास्त किंमत देईन.

सांधेजोड

अंगाई, यात भर. रात्री झोप तुटत असेल तर सगळ्यात आधी झोप. कोणतीही सवय त्यापुढे थांबू शकते.

अर्धविराम

परत वाचलं. सुरुवात आणि परिणाम वेगळे धरायचे, हे पटलं. आता एक प्रश्न मनापासून. मी कॅलेंडरवर फुल्या मारतो. फुल्यांची रांग मोठी झाली की हुरूप येतो, पण एक दिवस चुकला की सगळंच गेल्यासारखं वाटतं आणि पुढचा आठवडा कोराच राहतो. फुल्या ठेवाव्यात की सोडाव्यात?

पाऊलवाट

ठेवा, पण त्यांच्याकडून वेगळं काम घ्या.

लॅली यांच्या अभ्यासात हेही पाहिलं होतं. एखादी संधी हुकली म्हणून आपसूकपणा वाढण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सवय मेंदूत हळूहळू साठते, एका कोऱ्या चौकोनाने ती रिकामी होत नाही. नुकसान होतं ते पुढच्या आठवड्याने, जो आपण निराशेने सोडून देतो. आहारावर बंधन घालणाऱ्या माणसांमध्ये पीटर हर्मन आणि जॅनेट पोलिव्ही यांनी हे १९७० च्या दशकातच दाखवलं: नियम एकदा मोडला असं वाटलं की ‘आता काय उरलंय’ म्हणून माणूस उलट जास्त खातो.

त्यामुळे रांग मोजू नका, महिन्याच्या एकूण फुल्या मोजा. आणि प्रत्येक फुली त्या छोट्या मापासाठीच द्या. पाच जोरांच्या दिवशी एक फुली, पन्नासच्या दिवशीही एकच. मोठ्या दिवसाला जास्त मान दिला की छोटा दिवस आपोआप कमीपणाचा वाटायला लागतो, आणि वाईट काळात तर फक्त छोटेच दिवस हाताशी असतात. फुली मारायचीच तर लगेच, जागेवरच मारा. कृतीनंतर लगोलग मिळालेलं समाधान कृतीला चिकटतं, रात्री हिशेब करून मिळालेलं तितकं चिकटत नाही.

रात्रपाळी

निळीशाई ताई, विचार केला. कामावरून आलो की कपडे बदलतो, हेच न चुकता होतं. ‘कपडे बदलले की मानेचे व्यायाम’ असं ठरवतो.

निळीशाई

छान! थोडं आणखी टोकदार करू या. कपडे बदलण्यात पाच-सहा गोष्टी येतात, त्यातली शेवटची कोणती?

रात्रपाळी

कामाचा शर्ट दारामागच्या खिळ्याला अडकवतो.

निळीशाई

मग वाक्य असं: ‘शर्ट खिळ्याला अडकवला की तिथेच उभं राहून मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.’ पाच मिनिटं सध्या मनातही आणू नका. व्यायाम नेमका कसा करायचा ते सांधेजोड ताईंना विचारून घ्या.

सांधेजोड

मान सावकाश फिरवा, जेवढी सहज वळते तेवढीच, झटका नको. हाताला मुंग्या येत असतील किंवा चक्कर येत असेल तर हे करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. तसं काही नसेल तर आज घरी पोचल्यावर करून बघा आणि कसं वाटलं ते इथे लिहा.